आवडलेल्या फॅनफिकला अभिप्राय देताना

नाशिकमध्ये आम्ही सहा-सात जणी महिन्यातल्या एका रविवारी कुसुमाग्रज स्मारकात भेटतो. कुणी फॅन फिक्शन (फॅनफिक) लिहितं, म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन स्वतःची गोष्ट, कुणी नुसतं वाचतं. गेल्या पावसाळ्यात एकीने मोबाइल पुढे केला आणि तिच्या नव्या भागाखालचे अभिप्राय दाखवले. एकोणीस होते. सोळा 'छान', 'मस्त', 'नेक्स्ट पार्ट लवकर टाका' अशा जातीचे, दोन ऱ्हस्व-दीर्घाचे आणि एक पाच ओळींचा. तो पाच ओळींचा तिने म्हणून दाखवला. स्क्रीनकडे न बघता. तिला तो पाठ झाला होता.

अशा पाच ओळी कशा लिहायच्या, ते इथे क्रमाने सांगते. मी बारा-तेरा वर्षं फॅनफिक वाचते आहे, थोडं लिहिलंही आहे आणि अभिप्राय देताना एक मोठी चूकही केली आहे. तीही सांगेन, कारण तिच्यातून जे कळलं ते दुसऱ्या कशातून कळलं नसतं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. छापील कथेमागे संपादक असतो, थोडंफार मानधन असतं, दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत नाव येतं. फॅनफिकला यातलं काही नाही. पात्रं दुसऱ्याची, म्हणून गोष्ट विकता येत नाही. लिहिणारी व्यक्ती घरचं आवरून, अंथरुणावर पडून, मोबाइलवर अंगठ्याने टाइप करते आणि फुकट वाचायला देते. तिच्या हाती परत काय येतं, तर वाचकाचा अभिप्राय. तेवढाच.

पहिली पायरी : कुठे वाचताय ते बघा, लेखकाची टीप वाचा

प्रत्येक ठिकाणाची रीत वेगळी असते. आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे फॅनफिकचं संकेतस्थळ चाहत्यांनीच उभं केलं. त्यामागची ना-नफा संस्था 2007 साली स्थापन झाली, संकेतस्थळ 2009 मध्ये खुलं झालं आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे तारे नाहीत, गुण नाहीत. 'कुडोज' (म्हणजे शाबासकी) नावाचं एक बटण आहे, ते एका वाचकाला एका कथेसाठी एकदाच दाबता येतं. 'नावडलं' म्हणायचं बटण नाहीच. लेखक हवं तर अभिप्राय बंद ठेवू शकतो, किंवा आधी स्वतः वाचून मगच ते इतरांना दिसू देऊ शकतो. ही सगळी रचना तुम्हाला सांगते की इथे पाहुण्यासारखं वागा.

2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपी या कथा लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथे पाचपैकी तारे देता येतात आणि खाली मजकूरही लिहिता येतो. वॉटपॅड या तशाच दुसऱ्या ॲपवर एकेका परिच्छेदाला चिकटवून प्रतिक्रिया देता येते. सोय चांगली आहे, पण तिसऱ्या परिच्छेदाखाली 'हाच खुनी आहे ना शेवटी' असं लिहून ठेवलंत तर मागून येणाऱ्या प्रत्येकाचं वाचन तुम्ही खराब केलंत.

मग कथेच्या वरचे टॅग (कथेत काय आहे ते सांगणारे छोटे शब्द) आणि लेखकाची टीप वाचा. 'पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या' आणि 'चुका बिनधास्त सांगा' ही दोन वेगळी आमंत्रणं आहेत. काहीच लिहिलं नसेल तर पहिलंच धरून चाला. आणि टॅगमध्ये जे स्पष्ट सांगितलंय त्याबद्दल खाली तक्रार करू नका. 'शेवट दुःखद' असं लिहिलेलं असताना आत जाऊन 'एवढं रडवायची काय गरज होती' असं विचारण्यात काही अर्थ नाही. आवडीचा विषय नसेल तर मागे फिरावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरी पायरी : पूर्ण वाचा आणि थांबलात ती जागा टिपून ठेवा

वाचताना कुठेतरी आपण थांबतो. एखादी ओळ परत वाचतो, हसतो, घशात काहीतरी दाटतं, किंवा कपाळावर आठी येते. ती जागा कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा. दोन-तीन जागा पुरे. अभिप्राय ह्याच जागांवर उभा राहतो. वाचून संपल्यावर नुसतं 'कसं वाटलं' असं स्वतःला विचारलं तर 'छान' याखेरीज काही सुचत नाही, हे मी शेकडो वेळा अनुभवलंय.

तिसरी पायरी : लिहायला बसा

इथे जरा थांबून एक उदाहरण घेते. एका पोलिस मालिकेतला इन्स्पेक्टर सुट्टीवर नाशिकला येतो, अशी एक फॅनफिक समजा. त्यातला हा तुकडा :

'इन्स्पेक्टरने छत्री मिटली. समोर नदी तपकिरी, जाड वाहत होती. "पाणी कितीक वाढलंय?" त्याने विचारलं. भांड्यांच्या दुकानातला म्हातारा वर न बघता म्हणाला, "मारुतीच्या कमरेला लागलंय. छातीला लागलं की आवरतो."'

आता यावर तीन अभिप्राय बघा.

'खूप छान लिहिता तुम्ही, असंच लिहीत राहा.' यात वाईट काही नाही. थकलेल्या रात्री एवढंच लिहिता आलं तरी लिहा, काही न लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं. पण हे वाक्य जगातल्या कुठल्याही कथेखाली चालतं, आणि लेखकाला ते कळतं.

'पुराचं वर्णन अजून हवं होतं. संवाद कमी, निरीक्षण जास्त असं केलंत तर दर्जा वाढेल.' हे परीक्षकाच्या खुर्चीतून आलं. ती खुर्ची कुणी दिलेली नव्हती.

'म्हातारा पाणी फुटांत सांगत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो, तिथे मी थांबले. पूर किती मोठा आहे हे कळलं आणि या माणसाने असे किती पूर पाहिलेत तेही कळलं. "वर न बघता" या तीन शब्दांत त्याची सवय दिसली. इन्स्पेक्टर मालिकेत सारखा हुकूम सोडत असतो, इथे पहिल्यांदा तो कुणाला काहीतरी विचारतोय, हे फार आवडलं.'

तिसऱ्यात काय आहे ते बघा. नेमकी ओळ आहे. त्या ओळीने वाचणाऱ्याचं काय झालं ते आहे. आणि मूळ मालिकेतल्या पात्राशी लावलेला धागा आहे. फॅनफिकच्या अभिप्रायात हा तिसरा भाग मोलाचा. लेखक आणि वाचक दोघांनाही ते पात्र आधीपासून माहीत असतं, आणि लेखकाने त्यात कुठे नवी खिडकी उघडली हे तुम्हाला दिसलं, एवढं कळावं म्हणून तर तो लिहीत असतो.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि नाशिककर गोदेचा पूर तिच्यावरच मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेला होता. ही गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याने त्या लेखकाला तसं सांगितलंच पाहिजे : 'आमच्याकडे खरंच असंच बोलतात.' घरबसल्या नकाशे आणि बातम्या चाळून लिहिणाऱ्याला त्या गावच्या माणसाने दिलेली ही पावती फार मोठी वाटते.

संबोधनाचं एक सांगायला हवं. टोपणनावावरून समोरची व्यक्ती सोळा वर्षांची आहे की साठ, बाई आहे की पुरुष, काही कळत नाही. इथे मराठी भाषा मदतीला येते. 'तुम्ही लिहिलंत', 'तुम्ही दाखवलंत', 'तुम्ही थांबलात' यांत लिंग दिसत नाही. म्हणून ओळख होईपर्यंत 'तुम्ही'च वापरा. ताई, दादा, डिअर, बाळा हे सगळं नंतर, समोरून तशी हाक आली तर. विशेषतः 'बाळा, अजून लहान आहेस, शिकशील' हे कुणालाच म्हणू नका.

चौथी पायरी : लेखकाने स्वतःला घातलेली अट ओळखा

मोरोपंतांनी रामकथा शंभराहून जास्त तऱ्हांनी रचली, असं आपण शाळेपासून ऐकतो. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात नाहीत, म्हणजे प, फ, ब, भ, म हा पूर्ण वर्ग वगळलेला. अर्थात 'राम' हा शब्दसुद्धा त्यात येऊ शकत नाही. आता कुणी ते वाचून म्हणालं की 'रामायण आहे आणि रामाचं नाव नाही, हे काही पटलं नाही', तर त्याने रचना वाचलीच नाही असं म्हणावं लागेल.

फॅनफिकमध्ये हे रोज घडतं. लेखकाने ठरवून टाकलेलं असतं की या कथेत नायकाला अपघात झालाच नाही, किंवा सगळी पात्रं एका शाळेत शिक्षक आहेत, किंवा सगळं फक्त पत्रांतून सांगायचं. त्याच्याखाली 'पण मूळ मालिकेत तर असं नाहीये' हा अभिप्राय येतो. नाहीच आहे, म्हणून तर लिहिलंय! आधी अट शोधा, मग त्या अटीत राहून कथा कशी चालली ते बोला. पात्रांच्या जोड्यांचंही तसंच. तुम्हाला नायिका दुसऱ्याबरोबर हवी असेल तर ती तुमची कथा, तुम्ही लिहा.

पात्र त्याच्या स्वभावाविरुद्ध वागतंय असं खरोखर वाटलं, आणि लेखकाने सूचना मागितलेल्या असतील, तर प्रश्न विचारा. 'तो आईला कधीच खोटं सांगत नाही असं मला वाटायचं, इथे त्याने सांगितलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं?' यावर लेखक उत्तर देऊ शकतो, किंवा त्याला एक राहून गेलेला परिच्छेद सुचू शकतो. 'हे कॅरेक्टरच वाटत नाही' यावर उत्तर देता येत नाही.

पाचवी पायरी : चुका सांगायच्या असतील तर

माझी चूक इथली. काही वर्षांपूर्वी मी एका मुलीची कथा वाचली. तिने टीपेत लिहिलं होतं की दहावीची परीक्षा झाली म्हणून लिहायला घेतलंय. कथा कच्ची होती, पण त्यात आजीचं एक स्वयंपाकघर होतं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी काय केलं, तर बत्तीस चुकांची यादी केली. ओळ, चुकीचा शब्द, बरोबर शब्द. मला वाटलं, एवढा वेळ दिला म्हणजे मदतच केली. स्वयंपाकघराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. दोन दिवसांनी कथा काढून टाकलेली होती. मी निरोप पाठवून माफी मागितली. 'ठीक आहे ताई' एवढंच उत्तर आलं. त्या नावाने पुन्हा काही आलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगते. मागितल्याशिवाय शुद्धलेखन तपासायचं नाही. सांगावीशीच वाटली तर एक चूक सांगायची, तीही वारंवार येणारी आणि अर्थ बिघडवणारी, आणि शक्य असेल तिथे खाजगी निरोपातून. आधी विचारायचं : 'एक लहानशी गोष्ट दिसली, सांगू का?' होकार आला तर सांगायचं. उत्तर आलं नाही तर विषय संपला.

बऱ्याच चुका चुका नसतातच, हेही बघा. मोबाइलचा कीबोर्ड स्वतःच्या मनाने शब्द पुरे करतो, त्यात 'पाऊस'चा 'पाउस' होतो आणि 'मी'चा 'मि'. 'केलं', 'गेलं', 'असं' हे अनुस्वाराचे शब्द बोलीच्या ओघातले आहेत, त्यांना 'केले, गेले, असे' करायला सांगणं म्हणजे लेखकाचा आवाज बदलायला सांगणं. आणि आपल्या जिल्ह्यातच बघा ना. सटाणा, मालेगाव, कळवण भागात अहिराणी बोलतात. त्या भागातल्या लेखकाने पात्राच्या तोंडी 'काय करी ऱ्हायना?' असं घातलं आणि कुणी खाली 'काय करतो आहेस, असे हवे' अशी दुरुस्ती केली, तर ती दुरुस्ती करणाऱ्याचंच चुकलं. आमच्या गटात एकीच्या बाबतीत हे झालंय. तिने पुढच्या भागात आजीला पुस्तकी मराठीत बोलायला लावलं, आणि ती आजी आजी राहिलीच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला आधीची आजी परत आणायला लावली.

स्थानिक तपशील मात्र सांगावा, कारण तो लेखकाला दुसरीकडे सहज मिळत नाही. वरच्याच कथेत समजा म्हातारा म्हणाला, 'चला, गोदावरीवर जाऊ.' जुना नाशिककर असं म्हणत नाही, 'गंगेवर जाऊ' म्हणतो. गोदावरी त्याच्यासाठी गंगाच. हे असं लिहा : 'इन्स्पेक्टर बाहेरचा आहे, तो गोदावरीच म्हणेल, ते अगदी बरोबर. पण पंचवटीतला म्हातारा बहुधा गंगा म्हणेल. तुम्हाला पटलं तर बघा.' यात कुणाच्या तोंडचा शब्द बदलायचा आणि कुणाच्या नाही हे स्पष्ट आहे, आणि शेवटचा निर्णय लेखकाकडे आहे. तसंच, पाऊस थांबल्यावरही नदी का चढतेय असा गोंधळ कथेत दिसला, तर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरात पातळी वाढते, ही एक ओळ त्याला सगळा प्रसंग नीट बसवायला पुरेल.

बीटा म्हणून वाचायला सांगितलं तर

प्रकाशित करण्याआधी जो कथा वाचून देतो त्याला या जगात बीटा म्हणतात. इथे नातं बदलतं. आता लेखकाने स्वतः दार उघडलंय, तर गुळमुळीत बोलणं हा त्याच्या विश्वासाचा अवमान होईल. सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवून घ्या : काय बघायचं (कथानक, पात्रं, की भाषा), किती दिवसांत द्यायचं, आणि किती कडक. पहिल्या वाचनात पेन खाली ठेवा. दुसऱ्या वाचनात मोठ्या गोष्टी बघा : कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, काय आधीच कळलं. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी, कारण जो परिच्छेद पुढे कापला जाणार त्याचे उकार सुधारून काय उपयोग? कुठे अडलात ते सांगा, त्यावरचा उपाय लेखकाला शोधू द्या. तुम्ही वाक्य लिहून दिलंत तर ते तुमच्या आवाजातलं असेल आणि वाचकाला ते टोचेल. आणि जिथे चांगलं आहे तिथेही खूण करा, नाहीतर पुढच्या खर्ड्यात नेमकं तेच कापलं जातं. माझ्या एका कथेत असं झालं होतं, एक ओळ कायमची गेली.

एवढं करू नका

'पुढचा भाग कधी?' हा प्रश्न कौतुक म्हणून विचारला जातो आणि तगादा म्हणून पोचतो. त्याऐवजी 'आता ती दार उघडेल का, याचाच विचार करतेय' असं लिहा. उत्सुकता तीच, ओझं नाही. शेवट आवडला नाही म्हणून एक तारा देऊ नका. दुसऱ्याच्या कथेखाली 'माझीही कथा वाचा' असं लिहू नका. दोन लेखकांची तुलना तर कधीच नको.

आणि खाजगीपणा. नाशिक वाढलंय, तरी ओळखी अजून गावासारख्याच आहेत. कॉलेज रोडवरच्या एखाद्या गल्लीच्या वर्णनावरून, एखाद्या क्लासच्या उल्लेखावरून, लिहिणारी कोण ते तुम्हाला कळू शकतं. कळलं तरी गप्प राहा. 'अगं, तू आमच्या सोसायटीतलीच ना?' हे उघड्यावर विचारलेलं वाक्य कुणाचं लिहिणं कायमचं बंद करू शकतं, कारण पुष्कळांच्या घरी ती लिहिते हेच माहीत नसतं. कथेचे स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार.

लेखकाचं उत्तर आलं, किंवा आलं नाही, तर

उत्तर आलं तर आनंद. नाही आलं तर दुसऱ्यांदा 'माझी कमेंट वाचली का' असं विचारू नका. पुष्कळ जणांना कौतुकाला काय उत्तर द्यावं हेच सुचत नाही. आमच्या गटातली ती, जिला पाच ओळी पाठ होत्या, तिने त्या अभिप्रायाला उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले. चार वेळा लिहून खोडलं होतं.

लेखकाला तुमचं म्हणणं पटलं नाही तर वाद वाढवू नका, कथा त्याची आहे. आपल्याकडून कुणी दुखावलं गेलं असं कळलं तर जिथे बोललात तिथेच, दोन ओळींत माफी मागा. 'माझा हेतू तसा नव्हता' ही तिसरी ओळ लिहू नका.

राहता राहिल्या जुन्या कथा. पाच-सहा वर्षांपूर्वीची, अर्धवट सोडलेली एखादी कथा वाचून आपल्याला वाटतं, आता इथे कोण येतंय बघायला. येतात. लेखकाला सूचना जाते, ईमेल जाते. तो आता नोकरीत असेल, मूल झालं असेल, लिहिणं सुटलं असेल, आणि एखाद्या मंगळवारी दुपारी त्याच्या फोनवर उमटेल की कुणीतरी त्याचा म्हातारा आणि त्याचा मारुती आज वाचला. 'ही कथा मला आजच सापडली' अशी सुरुवात करा, थांबलात ती ओळ लिहा. पुढचा भाग कधी, हे तिथेही विचारू नका.